चष्मा उतरला, आता पापण्यांची घाई

दिवाळी सरली, तुळशीचं लग्न लागलं, की राधानगरी भागात लग्नाच्या याद्यांची धांदल सुरू होते. त्याआधीच बऱ्याच घरांनी एक काम उरकलेलं असतं, ते म्हणजे मुलीचा चष्मा घालवणं. साधारण 50 किलोमीटरवरच्या कोल्हापूरला जायचं, डोळे तपासायचे, तारीख घ्यायची आणि लेसर करून संध्याकाळी घरी परत यायचं. भरतीची तयारी करणारी पोरंही याच वाटेनं जातात. चष्मा गेला की चेहरा मोकळा होतो, आरशात स्वतःचे डोळे नीट दिसतात आणि मग नजर पापण्यांवर जाते. इतकी वर्षं काचेमागे राहिलेल्या पापण्या आखूड, विरळ वाटायला लागतात. मैत्रीण एक नाव सुचवते, मोबाईलवर जाहिरात येते, आणि महिन्याभरापूर्वी लेसर झालेल्या डोळ्याच्या कडेवर सिरमचा ब्रश फिरायला लागतो.

पापण्या वाढवणारं औषध खरंच आहे, आणि लेसर झालं म्हणून ते जन्मभर वर्ज्य होत नाही. पण ते कधी सुरू करायचं, बाटलीत नेमकं काय आहे आणि कुणाला विचारून लावायचं, हे तीन प्रश्न बहुतेक जण विचारतच नाहीत. त्यांच्या जागी येतात ऐकीव गोष्टी.

त्यातली पहिली: ‘लेसरच्या उष्णतेनं पापण्या जळतात, म्हणून नंतर गळतात.’

नंबर घालवण्यासाठी वापरतात तो एक्सायमर लेसर 193 नॅनोमीटरचा अतिनील किरण असतो. त्याची गोष्ट एका भारतात जन्मलेल्या शास्त्रज्ञाशी जोडलेली आहे. रंगस्वामी श्रीनिवासन हे अमेरिकेत आयबीएमच्या प्रयोगशाळेत काम करत होते. 1981 साली सणाच्या जेवणातलं उरलेलं टर्कीचं मांस त्यांनी प्रयोगशाळेत नेलं आणि त्यावर हा किरण टाकून पाहिला. आजूबाजूचा भाग न भाजता तेवढाच थर स्वच्छ कापला गेला. किरण उती जाळत नाही, तिचे रासायनिक बंध तोडून अतिशय पातळ थर उडवतो, आणि याच गुणामुळे तो डोळ्यावर वापरता आला. त्याचं काम चालतं ते कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या काचेसारख्या पारदर्शक कमानीवर. पापण्यांची मुळं असतात कातडीत. शस्त्रक्रियेच्या वेळी पापण्यांचे केस चिकटपट्टीनं किंवा प्लास्टिकच्या आवरणानं बाजूला दाबून ठेवतात, किरण त्यांच्यापर्यंत येतच नाही. चिकटपट्टी काढताना चारदोन केस निघाले तर ते काही आठवड्यांत पुन्हा येतात.

पापणीचा केस डोक्यावरच्या केसासारखा वर्षानुवर्षं वाढत नाही. काही आठवडे वाढतो, मग थांबतो, विसावतो आणि गळतो. वरच्या पापणीवर साधारण 90 ते 160 केस असतात आणि प्रत्येकाचं चक्र वेगळं चालू असतं, त्यामुळे रोज एखाददुसरा केस गालावर दिसणं स्वाभाविक आहे. लेसरनंतर लोक डोळ्यांकडे जास्त लक्ष देतात, म्हणून तो गळलेला केस नजरेत भरतो. मात्र पापण्या झुबक्यानं जात असतील, मुळाशी कोंड्यासारख्या खपल्या असतील, कडा लाल होऊन खाजत असतील, किंवा भुवईसुद्धा विरळ होत असेल, तर सिरम शोधू नका. पापणीच्या कडेची जुनाट सूज, थायरॉइड, चाई, काही औषधं, आणि आपल्याकडे विसरू नये असा कुष्ठरोग, या सगळ्यांत पापण्या जातात. मूळ आजार तसाच ठेवून वरून केस वाढवण्यात अर्थ नाही.

दुसरा समज जास्त खोलवर बसलेला आहे, आणि त्यावर जरा थांबायला हवं: ‘पापण्यांचं सिरम म्हणजे क्रीम-पावडरसारखीच गोष्ट. लावून बघायला काय जातं?’

हे औषध सौंदर्यासाठी शोधलेलं नव्हतं, ते आलं काचबिंदूच्या दवाखान्यातून. काचबिंदूत डोळ्यातला दाब कमी ठेवावा लागतो. त्यासाठी प्रोस्टाग्लँडिनसारखं काम करणारे थेंब निघाले. त्यातलं बायमॅटोप्रोस्ट नावाचं औषध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं 2001 साली मंजूर केलं. रोज थेंब घालणाऱ्या रुग्णांच्या पापण्या लांब, जाड आणि काळ्या होत असल्याचं डॉक्टरांच्या लक्षात आलं. काचबिंदूच्या रुग्णासाठी तो दुष्परिणाम होता, औषध कंपनीला त्यातच दुसरं औषध दिसलं. डिसेंबर 2008 मध्ये तेच 0.03 टक्के बायमॅटोप्रोस्ट ‘लॅटिस’ या नावानं पापण्यांसाठी मंजूर झालं. मंजुरीसाठी झालेल्या चाचणीत 278 जण होते. 16 आठवड्यांनी औषध लावणाऱ्यांपैकी 78 टक्के जणांच्या पापण्यांत ठळक फरक दिसला, नुसता द्रव लावणाऱ्यांत 18 टक्के. लांबी सरासरी 25 टक्क्यांनी वाढली. म्हणजे गुण आहे, त्यात फसवाफसवी नाही.

गुणाबरोबर मात्र दोषही आले. डोळे लाल होणं, खाज, कोरडेपणा, पापणीची कातडी काळवंडणं हे परिणाम औषधाच्या माहितीपत्रकातच दिलेले आहेत. डोळ्याभोवतीची चरबी कमी होऊन डोळे खोल गेल्यासारखे दिसणं हाही प्रोस्टाग्लँडिनचा माहीत असलेला परिणाम आहे, आणि नवऱ्या मुलीला तो नक्कीच नको असेल. औषध जिथे ओघळेल तिथे लव येऊ शकते, म्हणून गालावर आलेला थेंब लगेच टिपून घ्यायला सांगतात. बुबुळाच्या रंगीत भागात तपकिरी रंग वाढू शकतो आणि तो बहुधा कायमचा राहतो. आपल्यातल्या बहुतेकांचे डोळे गडद तपकिरी असल्यानं हा बदल सहसा दिसून येत नाही. पण घारे डोळे आपल्याकडेही काही कमी नाहीत. हिरवट-तपकिरी अशा मिश्र रंगाच्या डोळ्यांत हा बदल जास्त दिसतो. घाऱ्या डोळ्यांच्या मुलीनं हे औषध सुरू करण्याआधी आपला रंग बदलू शकतो हे समजून घेतलेलं असावं.

आता गोंधळ वाढतो तो ‘औषध नाही, नुसतं सिरम आहे’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांनी. त्यातल्या काहींत खरोखर फक्त ओलावा देणारी द्रव्यं असतात. त्यांनी केस मऊ, चमकदार दिसतात, मुळातून वाढण्याचा भक्कम पुरावा नाही. पण काहींत प्रोस्टाग्लँडिनचीच भावंडं असतात, उदाहरणार्थ आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट. युरोपीय संघाच्या ग्राहक-सुरक्षा वैज्ञानिक समितीनं सौंदर्यप्रसाधनांतल्या अशा द्रव्यांबद्दल चिंता नोंदवली आहे. लॅटिसला मंजुरी मिळण्याच्याही आधी, नोव्हेंबर 2007 मध्ये, कॅलिफोर्नियात पापण्यांच्या एका प्रसाधनाच्या हजारो नळ्या सरकारी यंत्रणेनं जप्त केल्या होत्या, कारण त्यात बायमॅटोप्रोस्ट होतं. ओळखायची एक सोपी युक्ती सांगतो. घटकांच्या यादीत ज्या नावात ‘प्रोस्ट’ ही अक्षरं येतात, ते बहुधा याच घराण्यातलं असतं. बाटलीवर घटकच छापलेले नसतील, तर ती बाटली डोळ्याजवळ आणूच नका. आणि मेडिकलमध्ये मिळणारे काचबिंदूचे बायमॅटोप्रोस्ट थेंब हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घ्यायचं औषध आहे. कुणाच्या आजीच्या काचबिंदूच्या बाटलीतून नातीनं पापण्यांना थेंब लावणं हा तर दुहेरी धोका: नातीच्या डोळ्याला, आणि वापरून दूषित झालेल्या बाटलीमुळे आजीच्याही.

आता मूळ मुद्दा. ‘दुसऱ्या दिवशी सगळं स्पष्ट दिसतंय, म्हणजे डोळा बरा झाला.’

लॅसिक या लेसर पद्धतीत कॉर्नियाच्या वरच्या थराची एक गोल पापुद्र्यासारखी झडप कापतात. कॉर्नियाची मधली जाडी अर्ध्या मिलिमीटरहून थोडी जास्त, झडप त्यातला जेमतेम दशांश मिलिमीटर. ती उचलायची, खाली लेसर चालवायचा आणि झडप परत जागेवर बसवायची. टाका नसतो. दुसऱ्या दिवशी दिसायला लागतं हे खरं, पण कापलेल्या जागेला पहिल्यासारखी ताकद पुन्हा कधीच पूर्ण येत नाही. जोराचा मार लागून काही वर्षांनंतरही झडप सरकल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. पीआरके पद्धतीत झडप नसते, पण वरचं आवरण खरवडून काढलेलं असतं आणि ते भरून येईपर्यंत काही दिवस डोळ्यावर पट्टीसारखी लेन्स ठेवतात. स्माईल पद्धतीत फक्त बारीक छेद असतो, झडप सरकायचा प्रश्न तिथे येत नाही. तुमच्या डोळ्यावर यातलं काय झालं आहे, हे माहीत असणं ही पहिली गोष्ट. ‘लेसर मारला’ एवढंच सांगणारे बरेच जण भेटतात.

तिन्ही पद्धतींत एक गोष्ट कमीअधिक घडतेच: कॉर्नियातल्या बारीक नसा तुटतात. याच नसा डोळा कोरडा पडल्याची खबर मेंदूला देतात आणि मग अश्रू येतात, पापणी लवते. खबर देणाराच मुका झाला, की डोळा कोरडा राहतो. म्हणून लेसरनंतरचे पहिले काही महिने डोळ्यात खुपणं, संध्याकाळी अंधुक दिसणं, वाऱ्यात पाणी येणं हे सर्रास आढळतं. नसा परत जुळायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं. त्यातही लॅसिकमध्ये हा त्रास स्माईलपेक्षा जास्त असतो.

पापण्यांचं औषध नेमकं याच दुखऱ्या जागी येतं. ते लावतात पापणीच्या कडेला, पण डोळा मिटला-उघडला की थोडं डोळ्यात उतरतंच. औषध स्वतः डोळा लाल आणि कोरडा करू शकतं. बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं बेन्झाल्कोनियम क्लोराइड अश्रूंचा थर विस्कटतं आणि कॉर्नियाच्या वरच्या पेशींना त्रास देतं. शिवाय खाज आली की हात डोळ्याकडे जातो, आणि लॅसिकनंतर पहिल्या दिवसांत डोळा चोळणं ही सगळ्यांत वाईट गोष्ट. आणखी एक नुकसान सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. डोळा लाल झाला तर तो जंतुसंसर्गामुळे, झडपेखालच्या सुजेमुळे, की सिरममुळे, हे तपासणाऱ्या डॉक्टरला ठरवणं अवघड होतं आणि मोलाचा वेळ जातो.

मग किती थांबायचं? अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन लॅसिकनंतर डोळ्याभोवती क्रीम, लोशन, मेकअप दोन आठवड्यांपर्यंत टाळायला सांगतं. हे साध्या प्रसाधनांबद्दल झालं. पापण्या वाढवणाऱ्या औषधाच्या माहितीपत्रकात डोळ्याची शस्त्रक्रिया झाली असेल तर औषध चालू ठेवावं का हे डॉक्टरांना विचारा, असं स्पष्ट सांगितलेलं आहे. सगळ्यांना लागू पडेल अशी एक तारीख नाही. तरी कोरडेपणा पहिल्या तीन महिन्यांत जास्त असतो, तेव्हा तेवढा काळ तरी नवं काही लावू नये, आणि त्यानंतर सर्जननं अश्रूंची तपासणी करून ‘हो’ म्हटल्यावरच सुरू करावं, हे मला शहाणपणाचं वाटतं. आधीपासून सिरम लावत असाल तर लेसर ठरवण्याच्या पहिल्याच भेटीत ते सांगा. चष्म्याच्या नंबराच्या कागदाइतकीच ही माहिती महत्त्वाची आहे.

हिशेब करून बघा. समजा, राधानगरीच्या एखाद्या मुलीचं लेसर दसऱ्याला झालं. तीन महिने म्हणजे संक्रांत. तेव्हा परवानगी मिळून औषध सुरू केलं, तर पूर्ण परिणाम दिसायला 16 आठवडे, म्हणजे मे उजाडला. माघातल्या लग्नाला त्याचा उपयोग शून्य. त्या लग्नासाठी सर्जननं मेकअपला परवानगी दिल्यावर नवा, पाण्यानं सुटणारा मस्कारा पुरेसा आहे. जुना मस्कारा फेकून द्या, त्यात जंतू वाढलेले असतात.

आपल्या भागासाठी थांबण्याचं आणखी एक कारण आहे. राधानगरी हा धो धो पावसाचा तालुका. रोपलावणीत चिखलपाणी उडतं, भांगलणीत घामाचा हात डोळ्याला जातो, आणि हंगामात उसाची पात, पाचट, गुऱ्हाळाचा धूर असतोच. उसाची पात डोळ्याला चाटून गेली की कॉर्नियावर ओरखडा उठतो आणि त्यात बुरशी शिरू शकते. शेतीतल्या अशा इजेतून होणारा बुरशीचा व्रण हे भारतात नजर जाण्याचं मोठं कारण आहे. त्यात लेसरनंतर दिलेल्या स्टिरॉइड थेंबांची उरलेली बाटली घरात असेल आणि कुणी ‘मागच्या वेळी यानंच बरं वाटलं होतं’ म्हणून ते थेंब घातले, तर बुरशी आणखी फोफावते. लेसरनंतरचे पहिले आठवडे शेतात, गोठ्यात काम टाळता येत नसेल तर निदान साधा संरक्षक गॉगल घाला. उरलेली स्टिरॉइडची बाटली डॉक्टरांना विचारून टाकून द्या.

‘सिरम नको, आपलं एरंडेल बरं. घरचं आहे, त्रास नाही.’ आईआज्जीच्या मायेनं सांगितलेली ही गोष्ट खोडताना मलाही जड जातं. एरंडेलानं पापण्या वाढतात असा विश्वासार्ह पुरावा नाही. तेल लागल्यानं केस काळे आणि एकत्र चिकटलेले दिसतात, त्यामुळे दाट वाटतात इतकंच. कोरड्या डोळ्यांसाठी एरंडेलाचा उपयोग औषध कंपन्या करतात, पण ते निर्जंतुक करून, योग्य प्रमाणात, थेंबांच्या स्वरूपात. स्वयंपाकघरातल्या बाटलीतलं तेल निर्जंतुक नसतं. काजळाचंही तसंच. दिव्यावर धरलेलं घरचं काजळ म्हणजे काजळी आणि तूप किंवा तेल. त्याचे कण ताज्या झडपेच्या कडेला नकोत. आणि सुरम्यापासून तर कायमचंच दूर राहा, त्यात शिसं असू शकतं. पापण्या कात्रीनं कापल्या की दाट येतात, हीही निव्वळ समजूत आहे. केसाची जाडी मुळात ठरते, टोकाला नाही.

पार्लरमधल्या कृत्रिम पापण्या, म्हणजे एक्स्टेन्शन, हा लोकांना सुरक्षित पर्याय वाटतो. ‘औषध तर नाही ना त्यात!’ पण त्या चिकटवायला सायनोअॅक्रिलेट जातीचा गोंद लागतो. त्याच्या वाफेनं डोळे चुरचुरतात, गोंदाची अॅलर्जी येते, कॉर्नियाला इजा झाल्याचीही नोंद आहे. तासदोन तास डोळे मिटून कुणाच्या चिमट्याखाली पडून राहणं ताज्या लेसरच्या डोळ्याला परवडणारं नाही. यात लांबीचाही एक प्रश्न आहे. 2015 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेतल्या संशोधकांनी 22 सस्तन प्राण्यांच्या पापण्या मोजल्या. त्यांची लांबी डोळ्याच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश भरली. तेवढ्या लांबीला डोळ्यावरून वाहणारा वारा सगळ्यांत कमी होतो, अश्रू कमी सुकतात, धूळ कमी बसते. पापण्या त्याहून लांब झाल्या की वारा उलट डोळ्याकडे ओढला जातो. निसर्गानं डोळ्यावर लावलेली ही झालर मोजूनमापून दिलेली आहे. लेसरनंतर ज्याचा डोळा आधीच कोरडा आहे, त्यानं नऊवारीवर उठून दिसतील म्हणून वाजवीपेक्षा लांब पापण्या चिकटवताना हे ध्यानात घ्यावं.

परवानगी मिळाल्यावर लावायचं कसं, यातही चुका होतात. बाटली डोळ्याच्या थेंबांसारखी दिसते म्हणून काही जण थेंब थेट डोळ्यात घालतात. पापण्यांसाठी ते डोळ्यात घालायचं नसतं. रात्री तोंड धुऊन, लेन्स असेल तर काढून, वरच्या पापणीच्या कडेला केसांच्या मुळाशी एकदा फिरवायचं. दर डोळ्याला, दर वेळी नवा निर्जंतुक ब्रश घ्यायचा. खालच्या पापणीला लावायचं नाही, मिटल्यावर तिला पोहोचतं तेवढं पुरतं. लेन्स 15 मिनिटांनी परत घालता येते. दोनदा लावल्यानं दुप्पट वाढत नाही, त्रास मात्र वाढतो. दिवस गेले असतील किंवा लवकरच मूल हवं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. नव्या नवरीनं तर हे विसरूच नये.

‘एकदा वाढल्या की वाढल्या,’ असंही नाही. औषध थांबवलं की काही आठवडे ते महिन्यांत पापण्या मूळच्या लांबीवर येतात.

शेवटचा गैरसमज काही वर्षांनंतरचा: ‘लेसर होऊन चार वर्षं झाली, आता त्याचा काय संबंध?’ संबंध आहे. लेसरनं कॉर्निया पातळ झालेला असतो, त्यामुळे डोळ्याचा दाब मोजताना आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. बायमॅटोप्रोस्ट मुळात दाब उतरवणारं औषध, त्यामुळे त्यानंही आकडा आणखी खाली येऊ शकतो. घरात कुणाला काचबिंदू असेल आणि तपासणाऱ्या नव्या डॉक्टरला यातलं काहीच माहीत नसेल, तर वाढलेला दाब नजरेतून सुटू शकतो. पुढे मोतीबिंदूचं ऑपरेशन करायची वेळ आली, की आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढायलाही लेसरची माहिती लागते, आणि प्रोस्टाग्लँडिनची औषधं दृष्टिपटलाच्या मध्यभागी सूज आणू शकतात म्हणून तेव्हा त्यांचा पुन्हा विचार करावा लागतो.

म्हणून लेसरची फाईल लग्नाच्या पत्रिकांच्या गठ्ठ्यात हरवू देऊ नका. मुलगी सासरी जाईल तेव्हा ती फाईल तिच्याबरोबर जाऊ द्या. सिरमची बाटली, खोक्यासह, डॉक्टरांना दाखवा. आणि औषध लावत असताना डोळा दुखला, खूप लाल झाला, उजेड सहन होईना किंवा अंधुक दिसायला लागलं, तर औषध लगेच थांबवा आणि त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका.